लॅचचा खटका

मुंबईतल्या चारकोपमध्ये फ्लॅट दाखवण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. त्यातली पहिली सहा वर्षं दार उघडलं की आधी मी आत शिरायचे, खिडक्या उघडायचे आणि मग म्हणायचे, 'या ना, या.' घरी पाहुणे आल्यावर करतो तसंच.

ती सवय एका पावसाळ्यात मोडली. फोनवर पार्टी म्हणाली (आमच्याकडे गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात), 'मिसेसला घेऊन येतो, सातनंतर जमेल.' आला एकटाच. मिसेसना बरं नाही म्हणे. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण महिनाअखेर होती, भाड्याच्या डीलला एक महिन्याचं भाडं दलाली मिळते आणि त्या महिन्यात माझ्या नावावर एकही डील नव्हतं. चौथा मजला. घर आठ महिने बंद, लाइट कापलेली. दारात चपला काढून मी मोबाइलच्या टॉर्चवर आतल्या बेडरूमपर्यंत गेले आणि मागे 'खट्' झालं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला लॅचचा तो आवाज समजावून सांगायला नको. वारा नव्हता. दार त्याने लावलं होतं. 'डास येतात,' म्हणाला. मग पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) किती, मेंटेनन्स किती, काही नाही. मी कुठे राहते, मिस्टर काय करतात, हेच विचारत बसला. पॅसेज जेमतेम तीन फुटांचा. त्याला खेटल्याशिवाय दारापर्यंत जाता येत नव्हतं.

मी काहीही न सुचून, कॉल न लावताच फोन कानाला धरला आणि ओरडले, 'हो काका, चौथ्या मजल्यावरच आहे, या वर, दार उघडते!' कुणी काका नव्हते. पण तो बाजूला झाला. मी अनवाणीच जिना उतरले. चपला दुसऱ्या दिवशी वॉचमनने आणून दिल्या.

आता यात पोलिसांना सांगायचं काय? दार लावलं आणि प्रश्न विचारले? ऑफिसच्या मालकांचं म्हणणं, 'पुढच्या वेळी ऑफिसातल्या मुलाला पाठवू, पार्टी घालवू नकोस.' शेजारच्या ऑफिसातल्या ताई मात्र सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, 'अगं, पार्टी पुढे, आपण मागे. आणि चप्पल पायात नाही, दाराच्या फटीत.'

तेव्हापासून मी उंबऱ्यापाशीच थांबते. लॅचचा खटका वर करून अडकवते, तो सैल असला तर चप्पल लावते, आणि पार्टीला म्हणते, 'बघा तुम्ही निवांत, काही लागलं तर सांगा.' किचन कुठे आहे ते माणसाला आपोआप सापडतं. पहिली भेट ऑफिसातच. आधारचा फोटो मागते. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाड्याच्या कराराला आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देताना ओळखपत्र द्यावंच लागतं, मग आज दिलं तर काय बिघडलं? दोघं-तिघं चिडून गेले. जाऊ देत. लाइट नसलेली घरं पाचच्या आत, पावसाळ्यात चारच्या आत. आणि वर जाताना वॉचमनला सांगायचं, 'वीस मिनिटांत खाली आले नाही तर बेल वाजवा.' त्याला दिलेले चहाचे दहा रुपये त्यात वसूल होतात.

नणंदेशी एक खूणही ठरली आहे. मी फोनवर विचारलं, 'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या का?' की तिने ११२ लावायचा आणि मी आधी पाठवलेला पत्ता सांगायचा. एकदा मी खरंच भातासाठी विचारलं. बिचारी ११२ लावणारच होती, मी ओरडून थांबवलं. आता शिट्ट्या चार केल्यात.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत भीती वेगळी असते. एकदा सहाव्या मजल्यावर पार्टीचं पाच वर्षांचं पोर 'गॅलरी, गॅलरी' करत धावलं. गॅलरीला रेलिंगच बसलं नव्हतं, नुसती एक दोरी. त्याच्या आजीने शर्टाची कॉलर पकडली म्हणून निभावलं. लिफ्टच्या खड्ड्यावर प्लायचा तुकडा टाकलेला असतो, त्याला सगळे जमीनच समजतात. साइट सुपरवायझर आणि हेल्मेट, दोन्ही असल्याशिवाय मी आता स्लॅबवर पाऊल टाकत नाही, आणि मुलांना खाली ऑफिसातच बसवायला लावते.

महारेराचं, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, एजंटचं सर्टिफिकेट घेताना वीस तासांचं ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली. ओसी (इमारतीत राहायला मिळणारी परवानगी), कार्पेट एरिया, करारनामा, सगळं पाठ झालं. बंद घरात उभं कुठे राहायचं, हे मात्र माझ्या बॅचला कुणी सांगितलं नाही.

परवा एक मुलगी आली, नोकरीसाठी लातूरहून आलेली, एकटीच. बिल्डिंगखाली थांबून तिने आधी माझा रेरा नंबर मागितला, महारेराच्या साइटवर टाकून पाहिला, माझ्या कार्डाचा फोटो भावाला पाठवला. वर गेल्यावर मी सवयीने म्हटलं, 'या, तुम्ही आधी.' ती हलली नाही.

'नाही ताई, तुम्ही व्हा पुढे,' म्हणाली.

दोघी उंबऱ्यावर उभ्या. मला हसू आलं, मग तिलाही. मी पुढे गेले. मागे खटका वर सरकवल्याचा आवाज आला, आणि वळून पाहिलं तर ती स्वतःची चप्पल दारात लावत होती.