लकव्यानंतरचे पहिले तीन महिने आणि ते रोबोटचे पाय

"मॅडम, ते रोबोटचे पाय आपल्याकडं कधी येणार?" आजकाल ओपीडीत कोणी ना कोणी हे विचारतंच. रीलवर व्हीलचेअरवरचा माणूस मशीन घालून उभा राहून चालायलेला बघितलेला असतो आणि घरात वडलांची एक बाजू गेलेली असते, मग पोरगं विचारणारच की. मी परभणीत फिजिओथेरपी करते, माझ्याकडचे निम्म्याहून जास्त पेशंट लकव्याचे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

व्हिडिओत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे या मशीन दोन वेगळ्या कामाच्या असतात. एक घरी न्यायची, रोज घालून फिरायची. रीवॉकचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलंय, ते बनवलं इस्रायलच्या अमित गोफर यांनी, १९९७ ला अपघात होऊन ते स्वतः व्हीलचेअरवर आले होते. २०१४ ला अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासून परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं ते घरी वापरायला परवानगी दिली. कमरेखाली ताकद नसलेला माणूस त्यात उभा राहतो, अंग जरा पुढं झुकवलं की सेन्सरला कळतं आणि मोटर पाय उचलून पुढं टाकते. पण तोल सांभाळायला दोन्ही हातात कुबड्या लागतातच, आणि गोफर यांचे हातही अधू असल्यानं त्यांना स्वतःला ते वापरता आलं नाही. आता सांगा, लकव्याच्या पेशंटचा पायाबरोबर त्याच बाजूचा हातही गेलेला असतो, तो दुसरी कुबडी धरणार कशानं? शिवाय वजन वीस किलोच्या वर, अमेरिकेत किंमत सत्तर हजार ते लाख डॉलर, आणि आपल्या घरांचे उंबरठे, बाहेरचा संडास, पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल हे सगळं वेगळंच. त्यामुळं घरी न्यायच्या मशीनसाठी जमीन विकायचा विचार कोणी करत असेल तर कृपा करून करू नका.

दुसरा प्रकार दवाखान्यात ठेवायचा, चालणं पुन्हा शिकवायला. माझा जीव याच्यात आहे. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं लोकोमॅट, त्यात पेशंटला वरून पट्ट्यांनी टांगतात, खाली ट्रेडमिल फिरते आणि मांडी-गुडघ्याला लावलेले यांत्रिक पाय त्याच्याकडून पावलं टाकून घेतात. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या योशियुकी सांकाई यांचं 'हाल' (HAL) नावाचं मशीन तर अजून भारी, ते कातडीवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून स्नायूकडं आलेला बारीकसा विजेचा इशारा पकडतं, म्हणजे पेशंटनं पाय उचलायचं मनात आणलं आणि थोडासा जरी संदेश खाली पोचला तरी मशीन तेवढी मदत करतं.

हे काम आम्ही हातानं कसं करतो ते सांगते म्हणजे फरक कळेल. पेशंट पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असतात तिथं उभा, मागून पोरगा नाहीतर मावशी कमरेचा पट्टा धरून, आणि मी खाली बुटक्या स्टुलावर बसलेली. माझा एक हात त्याच्या गुडघ्याला, कारण गुडघा एकतर मोडतो नाहीतर मागं झटका देतो, दुसऱ्या हातानं पाऊल धरून बोटं वर करून पुढं सरकवायचं. "मामा, टाच आधी टेकवा, टाच!" असं ओरडत चार-पाच फेऱ्या होईपर्यंत मामा घामाघूम आणि माझी कंबर धरलेली, आणि बाहेर बाकड्यावर अजून सहा जण बसलेले. मेंदूतला मेलेला भाग काही परत येत नाही, शेजारचा भाग ते काम शिकतो आणि तो शिकतो फक्त एकाच गोष्टीनं, परत परत करण्यानं, शेकडो पावलांनी. मशीन थकत नाही, तिथं ही पावलं मिळतात.

बरं, मशीन म्हणजे जादू नाही, हेही तेवढंच खरं. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी जगभरातल्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर फिजिओसोबत मशीन वापरलं की स्वतःच्या पायावर चालू लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं असं दिसलं, आणि सगळ्यात जास्त फायदा कोणाला, तर लकवा होऊन तीन महिने झाले नाहीत आणि अजिबात चालता येत नाही अशांना. हाताच्या बाबतीत मात्र इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७७० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१९ ला निकाल आला, त्यात रोबोटनं नेहमीच्या उपचारापेक्षा हाताचं काम काही सुधारलं नाही.

आणि आपल्याकडं हेच पहिले तीन महिने वाया जातात हो. तोंड वाकडं झालं, हात पडला की मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासात लागतं, ते बहुतेकांचं हुकतंच. मग आयसीयू, मग डिस्चार्ज, मग कोणीतरी सांगतं की अमक्या गावात लकव्याचं औषध देतात, कबुतराचं रक्त लावा, मग तिथं वाऱ्या, तिथं पथ्य. बीडकडचे असले तर पोरं कारखान्याला ऊस तोडायला गेलेली, म्हातारीजवळ कोणीच नाही. माझ्याकडं येतात तेव्हा पाऊल आत वळून आखडलेलं असतं, खांदा निखळल्यासारखा लोंबायला लागलेला. राग माणसांवर येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर "फिजिओथेरपी करा" एवढी एक ओळ असते, कुठं, कधीपासून, किती, हे त्यांना कोणी बसून सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की एकेकट्यानं मशीन घ्यायचा नाद सोडून आपण ते सरकारी मेडिकल कॉलेजला मागावं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथं एकेक चालण्याचं मशीन, सोबत कायम पोस्टवरचे फिजिओ आणि पेशंट-नातेवाईकांना महिनाभर राहायला खोली. खोली नसेल तर गंगाखेडचा माणूस रोज नांदेडला जाऊच शकत नाही. एक मशीन दिवसभर चाललं तर किती जण उभे राहतील! अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यानं २०२४ पासून घरी न्यायच्या मशीनचेही पैसे द्यायला सुरुवात केलीय, आपण निदान दवाखान्यातलं तरी मागू.

मला स्वतःला जास्त आशा अंगात घालायच्या कापडी सूटची आहे. हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या टीमनं केलेलं काम, लोखंडी सांगाडा नाही, कमरेला छोटी मोटर आणि पोटरीवरून बुटापर्यंत वायर, ती पाऊल वर ओढते आणि मागून रेटाही देते. त्यावरून बनलेल्या एका सूटला २०१९ ला स्ट्रोकच्या ट्रेनिंगसाठी एफडीएची परवानगी मिळाली. पाऊल लोंबणं हा आपल्या पेशंटचा रोजचा त्रास, त्याला हे नेमकं लागू पडतं आणि स्वस्तात बनू शकतं. जयपूर फूट आपल्याच देशात झालं ना, अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असं, १९६० च्या दशकात. मग हे का नाही होणार?

तोवर मशीनची वाट बघू नका. तब्येत स्थिर झाली आणि डॉक्टर हो म्हटले की व्यायाम दवाखान्यातल्या खाटेवरच सुरू करा, खांदा ओढून उठवू नका, कूस बदला. ओपीडीला येताना डिस्चार्ज कार्ड आणा, पायाचं स्प्लिंट दिलं असेल तर तेही, आणि स्लीपर घालून आणू नका, मागं पट्टा असलेला सँडल नाहीतर बूट पाहिजे.