"लाईट तेवढी घालवा की मालक" : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच खिडकीतून सांगतं, "मालक, लाईट तेवढी घालवा की." लाईट म्हणजे डॅशबोर्डवर पेटणारी बिघाडाची खूण. २००६ ला सोलापुरात होटगी रोडला पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा लाईट घालवायची पद्धत सोपी होती, मीटर उघडायचं आणि बल्ब काढायचा, नाहीतर वरून काळी टेप लावायची. मी पण केलंय असलं, खोटं कशाला बोलू. आता जुनी गाडी आली की पहिलं चावी ऑन करून बघतो, इंजिन चालू न करता, सगळ्या लाईटी एकदा पेटल्या पाहिजेत, आणि एखादी पेटलीच नाही तर समजायचं, आधी कुणीतरी टेपवाला हात फिरवून गेलाय.

मी मूळचा वायरमन. उस्तादांकडं सेल्फ, डायनॅमो, हॉर्न हेच शिकलो. कोड म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर बिघाडाला देतो तो नंबर, हे पहिल्यांदा कळलं एका जिप्सीवर, इंजेक्शनवाली होती, त्यात स्कॅनर (कोड वाचायचं मशीन) लागतच नाही, कपलरमधे जंपर मारायचा, म्हणजे दोन पिना वायरीच्या तुकड्यानं जोडायच्या, आणि चेक इंजिनची लाईट किती वेळा लुकलुकते ते मोजत बसायचं. एक लुकलुक, थोडं थांबून दोन, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी मी आणि धाकटा भाऊ लाईट मोजत बसलो होतो आणि शेजारचा पंक्चरवाला आमच्याकडं येड्यासारखा बघत होता.

२०११ ला भिशी लागली, त्यात स्कॅनर घेतला. विकणारा म्हणला बटण दाबा, लाईट जाते. गेली की! तीनशे रुपये एका बटणाचे. पहिले सहा महिने मला वाटलं आता आपण सुटलो. मग कारखान्याच्या शेतकी विभागातला एकजण यायला लागला, गळीत हंगामात दिवसभर उसाच्या फडातनं जीप फिरायची त्याची, कोड यायचा पी ००८७, म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या पाइपातलं (रेल) प्रेशर कमी. मी पुसला. आठ दिवसांनी परत पुसला. तिसऱ्यांदा पुसून दिली आणि त्याच रात्री मंद्रूपच्या पुढं गाडी जी बंद पडली ती पडलीच, थंडीत दोन वाजता मला फोन. काढून बघितलं तर डिझेल फिल्टर चोक, आत पाणी. एवढंच. नऊशे रुपये परत दिले, फिल्टर माझ्याकडनं टाकला, आणि तेव्हापासनं कोड वहीत उतरवल्याशिवाय पुसायचा नाही हे पोरांना पण सांगून ठेवलंय. कारण पुसताना नुसता नंबर जात नाही, फॉल्ट आला त्या क्षणाचा आरपीएम, स्पीड, इंजिनचं तापमान असं जे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) साठवून ठेवतो ते पण जातं, आणि खरी बातमी तर त्यातच असते.

आमचं नाव जे झालं ते एका गाडीमुळं. सांगोल्याकडचे डाळिंबवाले बागायतदार, गाडी २००९ ची फोर बाय फोर (कंपनीचं नाव नको, तिचा दोषच नव्हता), पुढं विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोर-रिळाचं यंत्र) बसवलेलं. चेक इंजिन, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि फोर बाय फोर, तिन्ही लाईटी एकदम, ते पण रोज नाही, मनात येईल तेव्हा. आधी दुसरीकडं दोन व्हील सेन्सर (चाकाचा स्पीड मोजणारे) आणि नवी बॅटरी झालेली. मोबाईलला जोडायचं ते स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर पण घेतलं होतं त्यांनी, पण ते बऱ्याचदा इंजिनचेच कोड दाखवतं, एबीएसच्या डब्यात (कंट्रोल युनिटमधे) काय चाललंय ते त्याला कळत नाही. आमच्या स्कॅनरवर पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, आणि यू ०१२१, म्हणजे एबीएसचं युनिट उत्तरच देत नाही. साठवलेलं तापमान बघितलं तर इंजिन थंड, आरपीएम नावाला. म्हणजे फॉल्ट रस्त्यावर येतच नव्हता, सेल्फ मारताना येत होता.

बॅटरी १२.६, चालू गाडीत चार्जिंग १४.१, दोन्ही चांगले. मग मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला आणि भावाला म्हणलं मार सेल्फ. १.३ व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच वाया! आम्ही ०.२ च्या आत धरतो. खाली झोपून बघितलं तर इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी, विंच बसवताना कुणीतरी बोल्ट ढिला करून त्याच्यावरच विंचची वायर दाबलेली, खाली पेंट तसाच, आणि ओढ्यातनं गाडी घालून घालून पट्टी हिरवी पडलेली. मग सेल्फचा करंट जाणार कुठनं, सापडेल त्या बारीक वायरीतनं वाट काढायचा आणि बाकी डब्यांना व्होल्टेज पुरायचं नाही.

पेंट खरवडला, काचपेपर मारला, नवी पट्टी, ग्रीस. मग कोड पुसले. गाडी मोहोळपर्यंत नेऊन आणली, चाकं फिरल्यावर एबीएसची लाईट आपोआप विझली. तरी दोन रात्री ठेवून घेतली, कारण बरेच कोड दोन वेळा फॉल्ट दिसल्याशिवाय लाईट पेटवत नाहीत, सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करून बघितल्याशिवाय खात्री कशी देणार.

आता अक्कलकोट रोडला मोठं शेड आहे, तीन पोरं कामाला, दोन स्कॅनर. पावसाळ्यात जास्त गर्दी, काळ्या मातीचा चिखल व्हील सेन्सरवर वाळून बसतो, नाहीतर उंदरांनी वायर कुरतडलेली. दोनच टायर नवे टाकून एबीएस का पेटला विचारणारे पण येतात. स्कॅनिंगचे पैसे वेगळे सांगितले की अजून तोंड वाकडं करतात.

बागायतदारांनी पण केलं. "एका पट्टीचे अडीच हजार?" पट्टी १८० ची, बाकीचे ती सापडायचे, असं मी म्हणलं. निम्मे दिले, निम्म्याचे डाळिंब पाठवतो म्हणाले. पाठवले पण, दोन क्रेट. वरचा थर एक नंबर होता, खालचा आम्ही निवडून खाल्ला.