आमची वाटचाल: ‘फवारणी पंप’पासून ‘दोन एकर कांद्याला कोणता पंप’पर्यंत

शेतीची छोटी अवजारं आणि घरातली उपकरणं यांची मराठीत नीट माहिती द्यायची, सोबत ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन घ्यायचं, हा आमच्या नाशिकच्या छोट्या फर्मचा व्यवसाय. यालाच ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. आमची वाटचाल म्हणजे मुख्यतः शोधशब्द (कीवर्ड, म्हणजे लोक गूगलमध्ये टाकतात ते शब्द) निवडण्याची पद्धत कशी बदलत गेली, त्याचा हिशेब आहे. सुरुवात ‘फवारणी पंप’, ‘वॉटर प्युरिफायर’, ‘ताडपत्री’ अशा आखूड शब्दांपासून झाली. आज एकही नवीन पान आखूड शब्दासाठी लिहिलं जात नाही.

कारण साधं आहे. नुसतं ‘फवारणी पंप’ टाइप करणाऱ्याला फोटो हवा असेल, अनुदान हवं असेल, जुना पंप दुरुस्त करायचा असेल किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असेल. ‘दोन एकर कांद्याला १६ लिटरचा चार्जिंग पंप पुरेल का’ असं विचारणाऱ्याचं मात्र घ्यायचं ठरलेलं असतं, एकच शंका उरलेली असते. ती जो प्रामाणिकपणे सोडवेल, त्याच्याच लिंकवरून तो पुढे जातो. अशा लांब, नेमक्या शोधाला लाँग टेल कीवर्ड म्हणतात. त्यातला प्रत्येक शोध महिन्याला मोजकेच लोक करतात. पण असे शोध असंख्य असतात. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच न झालेले असतात, असं खुद्द गूगल सांगत आलंय.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा वेगळं पडतं आणि इथेच सर्वांत जास्त मेहनत लागते. पहिला प्रश्न शब्दांचा. इंग्रजी कीवर्डचं भाषांतर करून ‘सर्वोत्तम बॅटरीचलित फवारणी यंत्र’ असं शीर्षक दिलं, तर ते कुणीच शोधत नाही. निफाड-दिंडोरीकडे लोक ‘चार्जिंगचा पंप’ म्हणतात, ‘पाठीवरचा पंप’ म्हणतात. ‘सर्वोत्तम’च्या जागी ‘चांगला’ किंवा ‘बेस्ट’ येतो, ‘मूल्य’ तर कुणीच लिहीत नाही. ‘किंमत’, ‘किमत’ आणि ‘रेट’ हे तिन्ही चालतात. म्हणून यादीची सुरुवात संगणकावर होत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गिऱ्हाईक काय बोलून वस्तू मागतं, ते आहे तसं वहीत उतरवायचं. शुद्ध करायचं नाही.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. ‘पंप’, ‘पंपाची’, ‘पंपासाठी’, ‘पंपाला’ ही कीवर्ड टूलच्या लेखी वेगवेगळी रूपं होतात आणि एकाच गरजेची मागणी चार ओळींत विखुरते. तिसरा प्रश्न लिपीचा. बरेच जण मराठीच पण रोमन अक्षरांत लिहितात. ‘फवारणी’ची सुरुवात कुणी ‘एफ’ने करतो, कुणी ‘पीएच’ने. चौथा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातलं ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतं, आणि ‘ॲप’मधला पहिला स्वर तीन प्रकारे. वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण एक्सेलमध्ये फिल्टर लावला की निम्म्या ओळी गळतात आणि मागणी आहे त्यापेक्षा कमी भासते. उपाय असा: शीटमध्ये दोन स्तंभ ठेवायचे. पहिल्यात शोध जसाच्या तसा, दुसऱ्यात ‘फाइंड-रिप्लेस’ने एकाच रूपात आणलेला. मोजणी दुसऱ्या स्तंभावर करायची, शीर्षकातले शब्द पहिल्यातून घ्यायचे.

२०१७ साली गूगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली. बोलणारा माणूस तुटक शब्द टाकत नाही, पूर्ण प्रश्न विचारतो. त्यामुळे ‘कोणता’, ‘किती’, ‘पुरेल का’, ‘चालेल का’ हे शब्द असलेले शोध यादीत वेगळे काढावेत.

यादी वाढवण्याची आमची पद्धत अशी. मूळ शब्द गूगलमध्ये लिहून पुढे एकेक अक्षर टाकायचं आणि सुचणारे शोध उतरवायचे. पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध घ्यायचे. गूगलच्या जाहिरात खात्यातला कीवर्ड प्लॅनर (कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणारं साधन) चालवायचा, पण त्याच्या आकड्यांवर निर्णय घ्यायचा नाही: जाहिरातीवर खर्च नसेल तर तो ‘१०० ते १ हजार’ असा ढोबळ पट्टा दाखवतो, जवळचे शब्द एकत्र करतो आणि मराठीतल्या लांब शोधांसमोर बहुधा रिकामी जागा सोडतो. रिकामी जागा म्हणजे शून्य मागणी नव्हे.

सर्वांत भरवशाची खाण म्हणजे सर्च कन्सोल, म्हणजे आपली पानं कोणत्या शोधांत दिसली ते सांगणारं गूगलचं साधन. त्यात १६ महिन्यांचे शोध मिळतात. कस्टम रीजेक्स फिल्टरमध्ये (दिलेल्यांपैकी कोणताही शब्द असलेले शोध गाळून देणारी सोय) ‘कसा|कशी|कोणता|किती|साठी|पुरेल’ असं टाकलं की नेमके प्रश्न वर येतात. पडद्यावर १,००० ओळींची मर्यादा आहे, म्हणून एकेका पानाचा फिल्टर लावून डेटा उतरवावा. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, म्हणजे लाँग टेलचा बराच भाग इथेही दिसत नाही. ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळली नाही तर घाबरून जाऊ नये. ज्या शोधांत आपलं पान निकालांमध्ये ८ ते २० क्रमांकावर दिसतंय, त्यांच्यावर आधी काम करावं. तिथे एक नेमका परिच्छेद किंवा एक तक्ता जोडल्यानेही फरक पडू शकतो.

त्यानंतर चाळणी. ‘अनुदान’ असलेले शोध आम्ही विक्रीच्या यादीतून काढतो. त्या माणसाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा असतो, लिंकवरून पंप घ्यायचा नसतो. ‘नाशिकमध्ये’, ‘जवळचं दुकान’ असे शोधही काढतो, कारण त्याला आजच हातात वस्तू हवी आहे. ‘दुरुस्ती’ मात्र ठेवतो: वॉशर, नोझल, चार्जर यांची खरेदी तिथूनच होते. उरलेल्या शोधांचे गरजेनुसार गट करायचे आणि एका गटाला एकच पान द्यायचं. शब्द बदलून तेच पान दहा वेळा लिहिण्याची चूक या व्यवसायात सगळीकडे होते. त्यात आपलीच पानं एकमेकांच्या आड येतात, आणि मार्च २०२४ पासून अशा घाऊक मजकुराविरुद्ध गूगलचं स्पॅम धोरण आणखी कडक झालं आहे.

पान कसं असावं? पहिल्याच परिच्छेदात उत्तर. एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर १६ लिटरचा पंप साडेबारा वेळा भरावा लागतो. दोन एकरांना पंचवीस वेळा. भरलेल्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो. १२ व्होल्टच्या ८ अँपिअर-तास बॅटरीपेक्षा १२ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण दीडपट चालते. बुरशीनाशक-कीटकनाशकाला पोकळ शंकूचा नोझल, तणनाशकाला सपाट फवाऱ्याचा. हंगाम संपल्यावर लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर खराब होते, महिन्यातून एकदा चार्ज करावी. आणि ‘हा पंप कुणी घेऊ नये’ हे लिहायचंच: द्राक्षाच्या मोठ्या बागेला ट्रॅक्टरचा ब्लोअर लागतो, पाठीवरच्या पंपाने ते काम भागत नाही. याच नियमाने प्युरिफायरच्या पानावर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजण्याचा सल्ला आधी येतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) पिण्याच्या पाण्याच्या १०५०० मानकात स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. अतिनील किरणांनी जंतू मारणारं यूव्ही यंत्र टीडीएस कमी करत नाही, त्यामुळे खारट बोअरच्या पाण्याला ते सुचवणं ही फसवणूक ठरेल.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांतच ठेवावा. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक पाहून लोकांना संशय येतो. किंमत हाताने लिहू नये. ती बदलते आणि ॲमेझॉनच्या नियमांतही ते बसत नाही. प्रत्येक पानाला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्यावा, नाहीतर कमिशन कुठल्या शोधातून आलं ते कधीच कळणार नाही. लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी, म्हणजे ती कमाईची लिंक आहे हे गूगलला कळतं. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. दर आठवड्याला सगळ्या लिंक तपासाव्यात, कारण वस्तू संपलेली असेल तर चांगलं पानही वाया जातं.

कमिशन मिळतं हे पानाच्या वरच, मराठीत आणि ठळक लिहावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या सूचना हेच सांगतात. वाचकाचा विश्वास यानं वाढतो, असं आमचं ठाम मत आहे.

पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी गणित मांडावं. समजा कर वगळून वस्तू ३,००० रुपयांची आणि कमिशन ५ टक्के, म्हणजे विक्रीमागे १५० रुपये. दुकानात गेलेल्या १०० जणांत दोघांनी घेतली, तर ३०० रुपये. पण जाहिरातीवरून पानावर आलेल्या १०० जणांतले ४० च दुकानात जात असतील, तर जाहिरातीच्या एका क्लिकमागे आपली कमाई १ रुपया २० पैसेच. आखूड शब्दाचा क्लिक यापेक्षा महाग असेल तर प्रत्येक क्लिकला तोटाच. लांब शोधांत दुकानात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून गणित जुळण्याची शक्यता तिथेच असते. परत केलेल्या वस्तूचं कमिशनही परत जातं, ते धरून चालावं. जाहिरात आपल्याच पानावर आणावी. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात शोध-जाहिरातीवरून थेट दुकानात नेणं आणि ‘ॲमेझॉन’ या नावाच्या शोधासाठी जाहिरातीची बोली लावणं, दोन्ही बंद आहे. ॲमेझॉनवर कमिशन मिळायला क्लिकनंतर २४ तासांत वस्तू कार्टमध्ये गेली पाहिजे. महागड्या वस्तूला लोक घरात विचारून मग घेतात. त्यासाठी ‘घेऊ का नको’पेक्षा ‘हा की तो’ या तुलनेचे शोध निवडावेत.

वेळापत्रक शेताप्रमाणे लावावं. नवीन पान गूगलमध्ये स्थिरावायला आठवडे जातात, म्हणून आम्ही दोन-तीन महिने आधी लिहितो. द्राक्षाच्या गोडी छाटणीची कात्री आणि ‘पेस्टिंगसाठी हातमोजे’ (पेस्टिंग म्हणजे छाटणीनंतर डोळ्यांना रसायन लावणं) जुलैत, कांदा चाळीचं सामान जानेवारीत, पावसाळी ताडपत्री मार्चमध्ये. पेस्टिंगचं रसायन, हायड्रोजन सायनामाइड, त्वचेला जाळतं. त्या शोधाला महिन्याला दहाच लोक आले तरी ते पान लिहिलंच पाहिजे.

सध्या २०२६-२७ च्या सिंहस्थाची यादी चालू आहे. ‘कुंभमेळा’ या शब्दावर बातम्या आणि हॉटेलंच दिसणार, तिकडे जाण्यात अर्थ नाही. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसात. म्हणून शीटमध्ये आत्ता ‘रामकुंडावर मोबाइल भिजू नये म्हणून पाऊच’, ‘वयस्कर माणसासाठी बसता येणारी काठी’, ‘ओल्या घाटावर न घसरणारी चप्पल’ अशा ओळी आहेत. ही पानं २०२७ च्या मेपर्यंत लिहून व्हायला हवीत.