तुम्ही विचारलंत म्हणून: पोटच्या पोरीला आईच कशी नेते?

प्रसूतिशास्त्राच्या तासाला मुलींच्या सुंतेचा, म्हणजे त्यांचं बाहेरचं जननांग कापायच्या प्रथेचा विषय निघाला की नर्सिंगच्या मुली आधी एकदम गप्प होतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पण पोटच्या पोरीला आईच कशी नेते?" वर्गाबाहेरही मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं. विचारणाऱ्यानं उत्तर बहुधा मनात ठरवलेलं असतं: काळीजच नसणार त्या बायांना.

आधी नेमकं काय करतात ते सांगते, कारण 'मुलींची सुंता' या शब्दानंच घोळ होतो. मुलग्यांसारखंच थोडं कातडीचं काहीतरी असेल, असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं याचे चार प्रकार पाडलेत. पहिल्यात क्लिटोरिसचा, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूच्या इवल्याशा संवेदनशील अवयवाचा, दिसणारा भाग किंवा त्यावरची त्वचा कापतात. दुसऱ्यात त्याच्या जोडीला भगोष्ठ, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या त्वचेच्या घड्याही जातात. टोचणं, खरवडणं, डागणं वगैरे चौथ्यात येतं.

तिसरा प्रकार मी फोमचा तुकडा शिवून दाखवते. तोंडी सांगून तो समजत नाही. कापलेल्या कडा एकमेकींना जोडून योनीचं तोंडच जवळजवळ बंद करतात. सोमालिया, सुदान, जिबूती या पट्ट्यात हा प्रकार जास्त. जखम जुळून यावी म्हणून मुलीचे पाय बांधून तिला कित्येक दिवस निजवून ठेवायची रीत होती. शेवटी उरतं ते एक बारीक भोक. लघवी थेंबाथेंबानं येते, पाळीचं रक्त आत साचतं. बाळंतपणात हा वण उघडावाच लागतो. वणाच्या मागे बोटं सरकवायची, आतलं सगळं बोटांच्या पलीकडे सुरक्षित आहे ना ते चाचपायचं, आणि मधोमध वरच्या दिशेनं कापत जायचं, मूत्रमार्गाला जपून. फोमवरसुद्धा मुलींचे हात थरथरतात.

बाकीचे प्रकार सौम्य, असंही समजू नका. सहा आफ्रिकी देशांतल्या 28,000 हून जास्त बाळंतिणींची पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. कापलेल्या बायकांमध्ये सिझेरियन आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव जास्त होता, आणि दर हजार बाळंतपणांमागे 10 ते 20 बाळं जास्तीची दगावत होती. आज जगात अशा 23 कोटींहून अधिक मुली आणि बायका आहेत, असं युनिसेफचा 2024 चा आकडा सांगतो.

आता आई. तिच्या डोक्यात हिशोब एकच असतो: न कापलेल्या मुलीला कोण करून घेणार? गाव तिला अस्वच्छ म्हणेल, बरोबरीच्या पोरी चिडवतील, सोयरीक जुळणार नाही. जिथे बाईला लग्नाशिवाय दुसरा आधार नाही, तिथे पोरीला न नेणं हाच आईचा निष्काळजीपणा ठरतो. स्वतःवर काय गुजरलं ते ती विसरलेली नसते, तरी नेते. गंमत अशी (गंमत कसली!), की ही प्रथा असलेल्या देशांत पाहणी करणाऱ्यांनी विचारलं, तर साधारण दोन तृतीयांश लोक म्हणतात, हे बंद व्हावं. प्रत्येकीला वाटतं, शेजारणीला हे हवंय, म्हणून कुणीच आधी थांबत नाही. धर्माचं नाव पुढे केलं जातं खरं, पण मुसलमान, ख्रिस्ती आणि स्थानिक पंथ मानणारे, सगळ्यांत हे सापडतं आणि कुराणात किंवा बायबलमध्ये मुलींना असं कापायची आज्ञा नाही.

म्हणूनच नुसतं 'हे धोक्याचं आहे' असं सांगून भागत नाही. इजिप्तमध्ये आयांनी ते ऐकलं, आणि दाईऐवजी पोरींना डॉक्टरकडे न्यायला लागल्या. 2007 साली मिन्या प्रांतात 12 वर्षांची एक मुलगी डॉक्टरच्याच हातून दवाखान्यात दगावली. गदारोळ झाला, 2008 साली कायदा आला, पुढे शिक्षाही वाढवल्या. तरी 2014 च्या पाहणीत तिथल्या कापलेल्या मुलींपैकी बहुतेकींवर ब्लेड चालवलं होतं ते डॉक्टर-नर्सनीच. हे सांगताना मी वर्गाकडे जरा रोखूनच बघते. भूल देऊन, निर्जंतुक हत्यारानं निरोगी अवयव कापला तरी तो कापलाच.

मला पटलेली वाट सेनेगलमधली. तिथे तोस्तान नावाची संस्था बायकांना आरोग्य आणि हक्क शिकवत होती. त्या शिकवणीतून मलिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी 1997 साली जाहीर केलं: आमच्या मुलींना आम्ही कापणार नाही. पण डेंबा दियावारा या वडीलधाऱ्या इमामांनी अडचण दाखवली. आपल्या लेकी ज्या गावांत देतो ती गावं मागेच राहिली तर? मग ते सोयऱ्याधायऱ्यांच्या गावोगाव पायी फिरले, आणि 1998 च्या सुरुवातीला अनेक गावांनी मिळून तीच घोषणा केली. चीनमध्ये मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते आवळून बांधायची चाल मोडताना असंच झालं होतं. आईबाप शपथ घेत, की मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलाला पाय बांधलेली बायकोही करणार नाही.

कायदा नको असं मी म्हणत नाही. गाम्बियात 2015 ची बंदी उठवायचं विधेयक 2024 साली आलं आणि संसदेनं ते फेटाळलं. बंदीच नसती तर राखायचं काय? आणि 'आपल्याकडे नाही ना हो?' असं विचारणाऱ्यांसाठी: आहे. दाऊदी बोहरा समाजात साधारण सातव्या वर्षी मुलींची खतना, म्हणजे सुंता होते, आणि त्याविरुद्ध आधी बोलल्या त्या त्याच समाजातल्या बायका. 2017 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, 2018 साली ती मोठ्या पीठाकडे सोपवली गेली.

मागच्या बॅचमधली एक मुलगी चिनी शपथेपाशी अडली. म्हणाली, "मॅडम, म्हणजे मुलग्याच्या आईला आधी गाठायला हवं. आपण उगाच मुलीच्या आईला धरून बसलोय." माझ्या टिपणांत हे वाक्य नव्हतं. मी तिला फळ्यावर लिहायला लावलं.