वॉटरमेकर कोणता घ्यावा, हे विचारलंत म्हणून

“समुद्रावर राहता, मग प्यायचं पाणी आणता कुठून?” हा प्रश्न पुण्याच्या नातेवाइकांचा. शिडाची बोट घेतलेले, किंवा घ्यायच्या बेतात असलेले, वेगळं विचारतात: “वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, कोणता बसवलात? ताशी किती लिटर?” त्यातलं ‘ताशी किती लिटर’ मला खटकतं. लिटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बघायची ती बोटीवरची वीज.

आम्ही दोघं कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या बेटांमध्ये असतो, बहुतेक वेळ ग्रेनडीन्समध्ये. बेक्विया, कॅरिआकू या बेटांवर नदी नाही. घरोघरी छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात, आणि जानेवारी ते मे हे कोरडे महिने त्यावर काढतात. अशा गावात जाऊन आपल्या टाक्या भरून मागायच्या, हे मनाला पटत नाही. टोबॅगो कीज या तिथल्याच छोट्या बेटांवर तर वस्तीच नाही. म्हणून समुद्राचं पाणी गोडं करून घ्यायचं.

“मग घरचाच आरओ का नाही लावत?” असंही विचारतात, आणि हा प्रश्न चांगला आहे. तत्त्व तेच. पण नळाच्या पाण्यात लिटरमागे फार तर ग्रॅमभर क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात 35 ग्रॅम. अशा पाण्याला साधारण 27 बार दाब दिला तर क्षारांच्या ओढीशी नुसती बरोबरी होते, मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, पलीकडे थेंबही जात नाही. म्हणून वॉटरमेकर 55 बारच्या आसपास चालवतात. समुद्रात साडेपाचशे मीटर खोलीवर असतो तेवढा हा दाब. घरच्या आरओचा पंप पाच-सहा बारचा. या कामासाठी उपयोगी पडेल असं मेम्ब्रेन सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी 1960च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलं. सौरिराजन भारतातले. आमच्या बोटीवर पाणी येतं त्यामागे त्यांचं काम आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता विजेचा हिशेब. आत घेतलेल्या शंभर लिटरपैकी साधारण दहाच लिटर गोडं होतं. उरलेले नव्वद लिटर जास्त खारट होऊन बाहेर पडतात, आणि बाहेर पडतानाही त्यांच्यात जवळजवळ पूर्ण दाब असतो. साध्या यंत्रात तो दाब व्हॉल्व्हपाशी वाया जातो. दाब परत वापरणाऱ्या यंत्रात, म्हणजे स्पेक्ट्रा कंपनीच्या क्लार्क पंपात किंवा शेंकर कंपनीच्या यंत्रात, तेच पाणी पिस्टन ढकलतं आणि नव्या पाण्याला दाब देतं. त्यामुळे लिटरमागे चार-पाच वॉट-तासांत काम होतं. आम्हाला दोघांना दिवसाला चाळीसेक लिटर पुरतं; म्हणजे 200 वॉट-तास, 12 व्होल्टवर 17 अँपिअर-तासांच्या आत. सौर पॅनेल हे दुपारपर्यंत सहज भरून काढतात. आम्ही याच जातीचं यंत्र घेतलं.

पण तुमच्याकडे जनरेटर असेल तर माझा सल्ला बदलतो. साधा हाय-प्रेशर पंप, दोन मेम्ब्रेन, दीड किलोवॉटची मोटर: ताशी शंभर लिटरच्या पुढे पाणी, दोन-तीन तासांत टाकी भरली. शिवाय त्यातला पंप आणि सील औद्योगिक बाजारात मिळतात. मेम्ब्रेन 2540 (अडीच इंच व्यास, चाळीस इंच लांबी) या सर्वमान्य मापाचं असेल असंच यंत्र निवडा. काही कंपन्यांचं मेम्ब्रेन त्यांच्याच मापाचं असतं, मग बदली मेम्ब्रेन दुसऱ्या कुणाचं चालत नाही. यंत्र आपोआप चालवणारं कंट्रोल पॅनेल मी घेऊ देणार नाही. यंत्र काय करतंय ते हाताने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला कळतं, आणि बिघाडही त्यालाच सापडतो.

बसवण्याकडे मात्र लोक फार कमी लक्ष देतात, आणि चांगलं यंत्र तिथेच वाया जातं. आम्ही हे काम त्रिनिदादच्या चागुआरामसमध्ये, चक्रीवादळांच्या मोसमात बोट वर काढलेली असताना केलं. पाणी आत घ्यायला स्वतंत्र थ्रू-हल, म्हणजे बोटीच्या तळातून आरपार जाणारं तोंड, हवा: खोल, मध्यरेषेच्या जवळ, टॉयलेटच्या निकासापासून लांब. इंजिनच्या पाइपला फाटा काढून देतात ते करू नका. बोट कलली की हवा ओढली जाते, आणि बहुतेक पंपांना हवा सोसत नाही. यंत्राला समुद्राचं पाणी पुरवणारा फीड पंप पाण्याच्या रेषेखाली. 20 आणि 5 मायक्रॉनचे फिल्टर हात सहज पोचेल अशा जागी, कारण ते तुम्ही सतत काढणार आहात आणि प्रत्येक वेळी पाणी सांडणार आहे. मेम्ब्रेन लांबलचक असतं, ते बंकखाली (झोपायच्या बाकाखाली) कुठेही आडवं बसतं, फक्त इंजिनच्या उष्णतेत नको. वायर जाड घ्या. 12 व्होल्टवर बारीक वायरमध्येच इतकी वीज हरवते की पंप थकलेला वाटतो आणि दोष यंत्राला जातो.

गोड्या पाण्याच्या नळीवर तीनतोंडी व्हॉल्व्ह लावा. सुरुवातीचं पाणी बाहेर सोडायचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने बघायचं, 500च्या खाली स्थिर झालं की मगच टाकीत. तेही एका वेळी एकाच टाकीत, म्हणजे काही बिघडलं तरी दुसरीतलं पाणी शाबूत राहतं. ही नळी कधीही पूर्ण बंद होता कामा नये. उलटा दाब बसला की मेम्ब्रेन फाटतं.

त्यानंतर उरते ती निगा. बंदरातल्या तेलकट, गढूळ पाण्यात यंत्र चालवायचं नाही, त्यामुळे चागुआरामसच्या धक्क्यावर चाचणी करायचा विचारही आम्ही केला नाही. स्वच्छ पाण्यात गेल्यावर केली. वापर नसेल तर दर पाच-सात दिवसांनी गोड्या पाण्याने फ्लश. धक्क्यावरचं क्लोरीन घातलेलं पाणी टाकीत भरलेलं असेल तर तेही कार्बन फिल्टरमधूनच जायला हवं, कारण क्लोरीन मेम्ब्रेनला खातं. बोट महिनोन्महिने सोडून जाणार असाल तर मेम्ब्रेनमध्ये यंत्राच्या कंपनीने सांगितलेलं साठवणीचं द्रावण भरून ठेवायचं. आणि लांबच्या पल्ल्याला निघताना टाक्या आणि कॅन भरलेलेच हवेत, वॉटरमेकर कितीही नवा असो.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा एवढंच फिरणार असाल तर मी वॉटरमेकर घ्या असं सांगणार नाही. मुंबई बंदरातला गाळ फिल्टर बघता बघता भरून टाकेल, आणि किनाऱ्यावर गोडं पाणी मिळतंच. ते पैसे जादा टाकीत आणि सौर पॅनेलमध्ये घाला. मालदीवच्या पलीकडे जायचं ठरलं तर मात्र मला जरूर विचारा. फक्त विचारताना टाकी किती लिटरची, बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि पॅनेल किती वॉटचं हे तीन आकडे सोबत द्या.