एफआरपीचा निकाल आणि काकींचा त्रेपन्नावा दिवस

पलूस तालुक्यातील एका विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, मी सचिव आहे. 17 मार्च 2025 रोजी, मार्चअखेरच्या वसुलीची धांदल ऐन भरात असताना, दुपारी बातमी आली की एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना देणारा राज्य सरकारचा 21 फेब्रुवारी 2022 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. याचिका शेतकरी नेते राजू शेट्टी यांची होती.

त्या वेळी समोर आमच्या एक सभासद काकी बसल्या होत्या. त्यांचे पीककर्ज भरायचे होते आणि ऊसबिलाचा पहिलाच हप्ता जमा झाला होता. "भाऊ, म्हंजे आता समदं पैसं एकदम येणार का?" त्यांनी विचारले. निकाल लागला म्हणून लगेच पैसे खात्यावर येत नाहीत, त्यामुळे मी हो म्हणालो नाही. कागद ओढून हिशेब मांडला.

2024-25 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) टनाला 3400 रुपये आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 33.20 रुपये असा दर होता. मागील हंगामाचा उतारा 12 टक्के धरला तर 3981 रुपये होतात. शासन निर्णयाप्रमाणे मात्र आमच्या पुणे विभागात पहिल्या हप्त्यासाठी 10 टक्केच धरायचे, म्हणजे 3317. तोडणी-वाहतूक दोन्हींतून सारखीच वजा होते, तेव्हा टनामागे 664 रुपये हंगाम संपेपर्यंत अडकतात. काकींचा ऊस 100 टन. अडकलेली रक्कम 66,400.

साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते, ही कारखान्यांची अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. पण केंद्राचा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायला सांगतो, विलंबाला 15 टक्के व्याज लावतो, आणि राज्याला त्यात फेरबदल करण्याचा अधिकार नाही, हे न्यायालयाने मान्य केले याचे मला मनापासून समाधान वाटले. कारण आमच्या वहीत सभासदाच्या कर्जाचे व्याज कोणाच्या अडचणीसाठी थांबत नाही.

काकींनी ऊस गेल्याची तारीख सांगितली, 9 जानेवारी. चौदावा दिवस 23 जानेवारी. त्या दिवसापासून आजपर्यंत किती झाले ते लिहून द्या, म्हणाल्या. पावतीच्या मागे मी लिहिले: 53 दिवस. कागद घडी करून त्या थेट कारखान्याच्या गट कार्यालयाकडे निघाल्या.