अकरा छर्रे दिसत होते, बारावा कुठं गेला

रात्रपाळीला आमच्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून मी एकटाच असतो. टेक्सासमध्ये आहे, त्यामुळं गोळी लागलेल्या पेशंटचे एक्सरे बघणं हे इथं नेहमीचंच काम, मिरजेला एमबीबीएस करताना उसाच्या ट्रॉल्या, मोटरसायकली, थ्रेशरमध्ये अडकलेले हात असलं सगळं बघितलं पण बंदूक जवळजवळ नाहीच. ही एक केस मात्र सविस्तर लिहायची म्हणून बरेच दिवस डोक्यात आहे कारण आपली बरीच मंडळी इकडं गॅस स्टेशन, मोटेल, दुकानं चालवतात आणि ही असली रिव्हॉल्वर त्यांच्यातल्या काहींच्या गल्ल्याखाली नाहीतर गाडीत असते हे मला माहीत आहे. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, एकदोन तपशील मुद्दाम बदललेत.

पन्नाशीतला माणूस, डाव्या मांडीत गोळी, स्वतःच्याच हातून चुकून. ब्लडप्रेशर ठीक, पायाची नाडी लागत होती, शुद्धीवर, बोलत होता. मांडीची फिल्म माझ्या स्क्रीनवर आली आणि त्यात एक गोळी नव्हतीच. तीन जाड चकत्या आणि त्यांच्या भोवती विखुरलेले बारीक गोल छर्रे. बाहेर कातडीवर भोक मात्र एकच, आणि मागं बाहेर पडल्याची जखम नाही.

आमचा त्या रात्रीचा एक्सरे टेक्निशियन इथलाच, लहानपणापासून शिकार करत वाढलेला. तो दारातूनच म्हणाला, "डॉक, हे विंचेस्टर कंपनीचं पीडीएक्स काडतूस आहे, चारशेदहाचं. आणि मांडीत असं जवळून गेलंय म्हणजे जज असणार."

जज म्हणजे टॉरस या ब्राझिलियन कंपनीची रिव्हॉल्वर. २००६ च्या सुमारास ती या नावानं बाजारात आली, मायामीतले काही न्यायाधीश कोर्टात स्वतःच्या रक्षणासाठी ही विकत घेतात असं कळलं म्हणून हे नाव दिलं असं कंपनीच सांगते. पाच काडतुसं बसतात. त्यात १८७० च्या दशकापासून चालत आलेलं ४५ कोल्टचं साधं काडतूस पण बसतं आणि चारशेदहा बोअरचं, म्हणजे त्या मापाच्या नळीचं, शॉटगनचं छर्ऱ्याचं काडतूस पण बसतं, म्हणून सिलेंडर लांबलचक असतो. २०११ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीची याच प्रकारची गव्हर्नर आली, तिच्यात सहा. (माझे मामा पोलिसात ट्रेझरी गार्डला होते, त्यांच्या हातात ४१० मस्केट असायची, जुन्या ३०३ रायफलीची नळी बदलून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात केलेली. तिचं काडतूस ३०३ वरूनच बनवलेलं आणि हे वेगळं, पण चारशेदहा हा आकडा मला तेव्हापासूनचा ओळखीचा.)

तर टेक्निशियननं सांगितलेली गोष्ट माझ्या कामाची होती. ते काडतूस अडीच इंची असेल तर आत तीन चकत्या आणि बारा छर्रे, तीन इंची असेल तर चार चकत्या आणि सोळा छर्रे. फिल्मवर चकत्या तीन. म्हणजे छर्रे बारा पाहिजेत. मी मोजले, अकरा. परत मोजले, अकरा. एकामागं एक दोन आले तर एकच दिसतो म्हणून बाजूनं काढलेली फिल्म बघितली, तिरकी काढून घेतली, अकराच.

बंदुकीच्या जखमेत मोजणी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. साधी गोळी असेल तर शरीरावरची भोकं आणि आत राहिलेल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला पाहिजे, विषम आली की काहीतरी शोधायचं राहिलंय असं समजायचं. छर्ऱ्यांना हा नियम लावता येत नाही, एका भोकातून सगळेच आत जातात, तिथं काडतुसात मुळात किती होते हे कळल्याशिवाय हिशोब लागतच नाही. आणि कितीतरी वेळा ते कळतच नाही, बर्डशॉट, म्हणजे पक्षी मारायचे बारीक छर्रे, असेल तर शेकड्यांनी दाणे असतात, कोण मोजणार. इथं मात्र आकडा ठरलेला होता.

मी इमर्जन्सीला फोन करून पेशंटच्या बायकोला विचारायला सांगितलं की काडतुसांचा डबा घरी आहे का, असेल तर फोटो मागवा. तोपर्यंत टेक्निशियननं त्याची रक्तानं भरलेली जीन्स पिशवीसकट प्लेटवर ठेवून तिचाच एक्सरे काढला. चेन, बटणं, रिव्हेट, खिशात सुटे पैसे, छर्रा नाही. स्ट्रेचरवरची चादर झटकून बघितली, अँब्युलन्सवाल्यांना विचारलं. नाही. मग डब्याचा फोटो आला, मुलानं घरून पाठवला होता, अडीच इंची, तीन चकत्या, बारा छर्रे, अगदी ठळक छापलेलं.

मधल्या वेळात सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, झाला होता. धातूमुळं चित्रात पांढरे पट्टे पडतात, मांडीचा मधला भाग नीट दिसत नव्हता, तरी धमनी शाबूत आहे हे कळलं. फिमोरल व्हेन, म्हणजे मांडीतून वर जाणारी मोठी शीर, तिच्या भोवती मात्र रक्त साठलेलं आणि एक चकती तिला जवळजवळ चिकटून. या सीटीत बेंबीच्या वरपासून पावलापर्यंत सगळं येतं. ते सगळं मी परत बघितलं, पोटात नाही, कंबरेत नाही, गुडघ्याखाली नाही.

फाटलेली शीर आणि हरवलेला छर्रा. शिरेतलं रक्त हृदयाकडं जातं. आणि या काडतुसातला बीबी मापाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, ती शीर त्याच्या दुप्पट रुंद.

सर्जन पेशंटला ओटीत घ्यायच्या तयारीत होते, मी फोन करून म्हटलं की छातीची एक फिल्म काढल्याशिवाय हलवू नका. ते म्हणाले, "पायाची जखम आहे, श्वासाला काही त्रास नाही, एक छर्रा कुठंतरी बाहेर पडला असेल." त्यांचं बरोबर होतं त्यांच्या जागी, रक्त साठत होतं, वेळ जात होता. मी म्हटलं कपडे बघून झाले, डबा बघून झाला, पोट बघून झालं, आता छातीच राहिली. ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले काढा.

फिल्म आली. हृदयाच्या सावलीत, खालच्या बाजूला, एक पांढरा ठिपका. बाकीचे अकरा छर्रे काठानं अगदी कापल्यासारखे स्वच्छ दिसत होते आणि हा धूसर, थोडा लांबट. कारण हृदय धडधडतंय आणि त्याच्याबरोबर तो हलतोय. पुस्तकात हे वाचलेलं होतं, शरीरात शिरलेली वस्तू रक्तातून वाहत हृदयात जाते त्याची वर्णनं १८३४ पासूनची आहेत, पण स्वतःच्या स्क्रीनवर ते बघताना माझ्या हाताला घाम आला हे खरं सांगतो.

पुढं सगळं पटापट झालं. कार्डिऑलॉजीवाल्यांनी इको केला, छर्रा उजव्या कप्प्यात होता. उजव्या-डाव्या कप्प्यामध्ये भोक आहे का हे बघणं सगळ्यात निकडीचं, कारण दर चार मोठ्या माणसांत एकाला ते जन्मापासूनचं छोटं भोक राहिलेलं असतं आणि त्यातून छर्रा डावीकडं गेला तर सरळ मेंदूत जाऊ शकतो. नव्हतं. मग ओटीत शीर शिवली, जखम साफ करताना काडतुसातला प्लास्टिकचा वॉड, म्हणजे छर्रे आणि दारू यांच्यामधलं बूच, सापडला, तो एक्सरेत दिसत नाही त्यामुळं तो हातानंच शोधावा लागतो, मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं होतं. ऑपरेशननंतर परत छातीची फिल्म घेतली तर छर्रा हृदयात नव्हता, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या धमनीत जाऊन बसला होता आणि आता काठ स्वच्छ दिसत होते. हे असं सरकतं म्हणून काढायला जायच्या आधी दर वेळी नवीन फिल्म घ्यायची असते. तिथं तो काही त्रास देत नव्हता, रक्तप्रवाह अडलेला नव्हता, सगळ्यांनी मिळून ठरवलं की ठेवायचा तिथंच आणि लक्ष ठेवायचं.

हे झालं कसं ते नंतर कळलं. रात्री ड्राइव्हवेत पिकअपपाशी खुडबुड ऐकू आली, इथं पिकअपची दारं ओढून बघत फिरणारे चोर असतात. हा दुसऱ्या गाडीतून आत्ताच उतरला होता, तिच्या कन्सोलमधली, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या कप्प्यातली, जज काढली, घोडा मागं ओढला. बघतो तर रकून नावाचा प्राणी, कचऱ्याच्या डब्यात. आता ओढलेला घोडा परत खाली सोडायचा. या रिव्हॉल्वरचा घोडा ओढलेला असताना सिलेंडर उघडत नाही, म्हणजे काडतुसं काढून घेऊ म्हटलं तरी जमत नाही, अंगठ्यानं घोडा धरून चाप दाबायचा आणि हळू खाली आणायचा हाच मार्ग. अंगठा सटकला, चाप दाबलेलाच, नळी खाली पण मांडीकडं. बंदुकीत बिघाड काही नव्हता, ती जशी चालायला पाहिजे तशीच चालली.

आता या प्रकारच्या बंदुकीबद्दल मला जे वाटतं ते लिहितो. नंतर तासगावकडचा एक ओळखीचा मुलगा, इथं दोन गॅस स्टेशन चालवतो, त्याचा फोन आला होता, त्याच्याकडंही हीच आहे. मी त्याला केस सांगितली, नावगाव काही न सांगता. तो म्हणाला, "दादा, मी तर नेम धरायला लागत नाही म्हणून घेतली. छर्रे पसरतात ना, अंधारात कुठं पण लागेल."

हाच गैरसमज मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय. मी त्याला म्हटलं, अरे खोलीच्या अंतरात ते फार पसरतच नाहीत, चकत्या तर पंजाएवढ्या जागेतच जातात, नेम हा धरावाच लागतो. आणि लांबवर पसरतात ते तुझ्या सोयीनं नाही पसरत. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं गुळगुळीत नळीची छर्ऱ्याची हातबंदूक साधी विकता येत नाही, तिला वेगळी सरकारी नोंदणी लागते, म्हणून यांच्या नळीत रायफलीसारखे आटे असतात. त्या आट्यांनी छर्रे गरगर फिरतात आणि बाहेर पडले की मेदूवड्यासारखे कडेला फेकले जातात, मध्ये मोकळं. जे छर्रे समोरच्याला लागले नाहीत ते कुठंतरी जाणारच, भिंतीत, शेजारच्या गाडीत, फ्रिजपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकात. प्रत्येक छर्ऱ्याची जबाबदारी तुझी. बर्डशॉट भरलास तर ते साप मारायला ठीक, इथले लोक रॅटलस्नेकसाठी ती ठेवतात, माणसाला मात्र वरवर जखमा होतात आणि तो थांबेलच असं नाही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "पण दादा, रात्री कॅश घेऊन जाताना भीती वाटते हो." ती भीती खोटी नाही, मी तिला नावं ठेवणार नाही, दुकानात लुटताना लागलेल्या गोळ्यांच्या फिल्म पण मीच बघतो. मी एवढंच म्हटलं की ठेवणार असशील तर नेमबाजीच्या रेंजवर नेऊन पाहिजे त्या अंतरावरून कागदावर उडवून बघ छर्रे कुठं जातात, घोडा हातानं ओढायची सवय लावूच नको, आणि गाडीच्या कन्सोलमध्ये तशीच टाकू नको, सीटला केबलनं बांधायची लोखंडी पेटी मिळते ती घे. टेक्सासमध्ये २००७ पासून स्वतःच्या गाडीत परवान्याशिवाय पिस्तूल झाकून ठेवता येतं, पण कायद्यानं ठेवता येते म्हणून ती कुलपाशिवाय ठेवायची असं नाही. सतरा वर्षांखालच्या पोराच्या हाताला भरलेली बंदूक लागू दिली तर इथं गुन्हा होतो, आणि त्याचा पोरगा सातवीत आहे. कॅलिफोर्नियात त्याचा भाऊ असतो, तिकडं ही घेऊन जाऊ नको असंही सांगितलं, तिकडं हिला आखूड शॉटगन धरतात, बंदी आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी पेटी मागवली, फोटो पाठवला.

पेशंट काही दिवसांत घरी गेला. पुढच्या तपासणीच्या फिल्म पण माझ्याकडंच आल्या, छर्रा जिथं होता तिथंच, शिवलेली शीर चालू. मांडीतले अकरा आणि चकत्या तशाच ठेवल्यात, स्नायूत शिसं सहसा भोवती जाळी धरून गप्प बसतं, सांध्यात असतं तर काढावंच लागलं असतं कारण सांध्यातल्या पाण्यात ते विरघळून रक्तात उतरतं. पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी छर्रे कशाचे हे विचारतील, स्टीलचे असतील तर चुंबकानं ओढले जातात, त्याचे शिशाचे आहेत हे डब्याच्या फोटोसकट त्याच्या फाइलला लावून ठेवलंय.

आणि आमच्या इमर्जन्सीत आता छर्ऱ्याची जखम आली की नातेवाइकांना काडतुसांचा डबा किंवा त्याचा फोटो मागतात, कपड्यांचा एक्सरे काढतात, आणि छर्रे विसाच्या आत असतील तर आकडा जुळल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही. परवा एक आली होती, बकशॉटचे म्हणजे मोठे छर्रे चार, चारही पिंढरीत सापडले.